हेमलता आत्याने रिजेक्ट केलेली रेघ

हेमलता आत्याच्या कानात एक आवाज होता आणि तो बंद म्हणून होत नव्हता. बारीक, लांब, सीईईई असा, जसं कोणी दूर कुठेतरी पितळेच्या पत्र्यावर खिळा ओढून राहिलं आणि त्याला थांबायचंच नाही. दूध तापवताना सीईई. देवासमोर बसली, सीईई. भाऊ गुणवंत समोर बसून काही सांगून राहिला असला की त्याच्या बोलण्याच्या मागे पण सीईई. चौतीस वर्षं हिंदी मुलखात डिफेन्सच्या फॅक्टरीत काढली बाईनं, त्याची ही भेट. बाकी पितळी समई आणि शाल भेटली होती रिटायर होताना, ती कपाटात ठेवता आली. ही ठेवता येत नव्हती.

फॅक्टरीत तिचं काम होतं तपासणीचं. मशीनवरून तुकडा आला की तो मापात आहे की नाही ते पाहायचं, बस. मापात असला तर इकडच्या पेटीत, नसला तर त्याच्यावर लाल रंगानं आर लिहायचा आणि तिकडच्या पेटीत. आर म्हणजे रिजेक्ट. नवी नवी होती तेव्हा एकदा तिनं एक खराब तुकडा लाल न करता नुसता बाजूला ठेवला, चहा प्यायला गेली, आणि कोणीतरी तो उचलून चांगल्या पेटीत टाकून दिला. मग तीन दिवस अख्खी पेटी पुन्हा तपासली तिनं, एक एक तुकडा, आणि फोरमन मागे उभा राहून सगळ्यांसमोर बोलत होता. तेव्हापासून तिचा हात ठरला. आधी लाल, मग बाकी सगळं.

लग्न केलं नाही तिनं. काहून नाही केलं, ते विचारायची कोणाची हिंमत नव्हती. रिछाईच्या कारखान्यांच्या पुढच्या कॉलनीत दोघा बहीण-भावांनी मिळून घर बांधलं, वर गुणवंत, त्याची बायको आणि पोरगी स्वानंदी, खाली आत्या. आणि घराच्या मागेच एका छोट्या वर्कशॉपचं ग्राइंडर. म्हणजे रिटायर होऊन पण सुटका नाहीच!

तर कानाचं दाखवायला ती नेपियर टाउनच्या डॉक्टरकडे गेली, स्वानंदीच्या स्कूटीवर मागे बसून. डॉक्टरनं मशीन लावलं, बटणं दाबायला लावली आणि सांगून टाकलं, "माताजी, ये आवाज़ जाएगी नहीं. इसकी आदत डालनी पड़ेगी."

"चौतीस साल से डाल ही रही हूँ," आत्या म्हणाली.

पण खरी गोष्ट डॉक्टरच्या खोलीत नाही झाली. ती त्याच्या आधी बाहेर झाली, बाकावर. नंबर यायला पावणेदोन तास लागले होते. समोरच्या भिंतीवर एक चित्र होतं. चित्र म्हणजे काय, पांढरट कागद आणि त्याच्यावर एक आडवी रेघ, निळसर करडी. डावीकडून निघाली आणि उजवीकडे काठाच्या आधीच संपली. बाकी काही नाही. झाड नाही, पाखरू नाही, बाई नाही, घडा नाही. आत्यानं आधी नाक मुरडलं. मग करायला दुसरं काही नव्हतं म्हणून पाहत बसली. पाहत बसली, पाहत बसली, आणि रिसेप्शनच्या पोरीनं खांदा हलवला तेव्हा तिच्या लक्षात आलं की इतका वेळ कान गप्प होता. म्हणजे गप्प होता की नव्हता देव जाणे, पण तिला तो ऐकूच आला नव्हता. चौतीस वर्षांत पहिल्यांदा!

घरी येताना स्कूटीवर मागून ती स्वानंदीच्या कानात ओरडली, "मला ते चित्र पाहिजे!"

"कोणतं?"

"रेघेचं!"

स्वानंदीला वाटलं की दोन दिवसांत विसरेल. आत्या विसरणारी असती तर फॅक्टरीतून अर्ध्या तोफा वाकड्या निघाल्या असत्या.

आधी ती बाजारात हिंडली. दुकानदार विचारायचे, काय पाहिजे आंटीजी, आणि ती सांगायची, एक रेघ. मग ते सात घोडे दाखवायचे. बुद्ध दाखवायचे. एकानं तर धबधबा दाखवला, बटण दाबलं की पाणी वाहायचं आणि पाखरं ओरडायची. "आवाज़ भी आती है आंटीजी, असली वाली!" आत्या त्याच्याकडे अशी पाहायला लागली की त्यानं स्वतःच बटण बंद केलं.

शेवटी स्वानंदीनंच शोधलं. क्लिनिकमधल्या चित्राचा फोटो काढून आणला, फोनवर टाकून शोधला आणि पुण्याची एक बाई सापडली, रुचिरा नावाची, जी त्याच चित्राच्या प्रती विकायची. साध्या पोस्टरसारख्या नाही, एकदम भारी. कापसाचा कागद, जो पिवळा पडत नाही. शाई अशी की शंभर वर्षं रंग उडत नाही. मूळ चित्र काढणारी बाई म्हातारी होऊन वारली होती आणि तिच्या घरच्यांनी मोजून पन्नास प्रती काढायची परवानगी दिली होती.

गुणवंतनं किंमत ऐकली आणि खुर्चीतून उभाच राहिला. "ताई! एका रेघेचे? अगं मी काढून देतो ना, पट्टी आण!"

"तू काढलेली मला पाहायची नाही."

"आणि शंभर वर्षं रंग टिकतो म्हणे! तुला शंभर वर्षं करायचं काय आहे?"

"तुझं तोंड बंद व्हायची वाट पाहीन," आत्या म्हणाली आणि स्वानंदीला म्हणाली, "दाब गं बटण."

चित्र आलं तो दिवस! आत्यानं सकाळीच समोरची भिंत रिकामी केली होती. कॅलेंडर काढलं, फॅक्टरीचं घड्याळ काढलं, आईबाबांचे फोटो आतल्या खोलीत नेले, खिळ्यांची भोकं बुजवली. पार्सल उघडलं तर आत एक कार्ड, आणि कार्डासोबत पांढरे हातमोजे, कापडी. की बाबा उघड्या हातानं कागदाला हात लावू नका. आत्या एवढी खूश झाली! "पाहिलं? याला म्हणतात माल." मोजे घातले, कागद टेबलावर पसरला आणि वाकून पाहिलं. सुंदर होता कागद, जाड, मऊसर, आणि रेघ त्याच्या आत मुरल्यासारखी.

इथे थांबायला पाहिजे होतं तिनं. इथेच! पण चौतीस वर्षांचा हात. माल आला की माल तपासायचा. तिनं कपाटातून आपली स्टीलची पट्टी काढली, दोन फुटांची, फॅक्टरीतून रिटायर होताना स्वतःच्या पैशानं घेतलेली, आणि रेघेला लावली.

पट्टी आणि रेघ यांच्या मधे पांढरं दिसलं.

तिनं चष्मा पुसला. भिंग आणलं. पुन्हा लावली. दोन्ही टोकांना रेघ पट्टीला चिकटलेली आणि मधे खाली गेलेली. दीड मिलिमीटर! दीड मिलिमीटर म्हणजे आत्याच्या हिशेबानं अख्खा म्हशींचा कळप निघून जाईल एवढी फट. वरून रेघ उजवीकडे बारीक पण होत गेलेली.

स्वानंदी वरून खाली आली तेव्हा उशीर झाला होता. आत्या मोजे घातलेल्या हातानं लाल मार्करचं टोपण लावून राहिली होती. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, ठसठशीत, गोलात आर.

"आत्याऽऽ!" स्वानंदी एवढी ओरडली की मागचं ग्राइंडर क्षणभर थांबलं. "हे काय केलं तू?"

"रिजेक्ट आहे. रेघ वाकडी आहे. परत पाठवायची."

"अगं पण परत पाठवायची तर त्याच्यावर लिहिलं काहून?"

"नाही लिहिलं तर ते दुसऱ्याला विकतील ना!" आत्याला खरंच कळत नव्हतं की ही पोरगी रडकुंडीला काहून आली. "मागच्या बाजूनं लिहिलं तर कोण पाहते? समोरच लिहावं लागते."

"आत्या, हा कागद शंभर वर्षं टिकते! हा आर पण शंभर वर्षं राहणार आता!"

मग रुचिराला फोन लागला. स्पीकरवर. रुचिरा बिचारी शांत बोलणारी. म्हणाली, "काकू, ती रेघ वाकडी नाहीये. ती हातानं ओढलेली आहे."

"हातानं ओढली म्हणून काय झालं? आमच्याकडे मशीन पण हातानंच चालवत होते लोक. वाकडं चालत नव्हतं."

"मूळ चित्रातच तशी आहे ती. आम्ही जशीच्या तशी उतरवलीये. तेच तर आमचं काम आहे."

"मग मूळ चित्र रिजेक्ट करा!"

मग रुचिरा म्हणाली, "काकू, त्या बाई एका श्वासात रेघ ओढायच्या. श्वास अर्धा झाला की हात जरासा खाली यायचा, आणि संपत आला की रेघ बारीक व्हायची."

"श्वास पुरत नव्हता तर दोनदा ओढायची. मधे थांबून. घाई कशाची होती?"

स्वानंदीनं कपाळाला हात लावला. रुचिरानं सांगितलं की परत घेतलं असतं, नक्की घेतलं असतं, पण आता त्याच्यावर लाल मार्कर आहे, आता ते कोणालाच देता येत नाही. "तेच तर पाहिजे होतं मला," आत्या म्हणाली, "की कोणाला देऊ नका." आणि फोन ठेवून दिला. चित्र गुंडाळून कपाटावर टाकलं. मोजे कचऱ्यात. दोन दिवस घरात कोणी तिच्याशी बोलायला गेलं की ती भांडी घासायला घ्यायची, घासलेली सुद्धा.

पण रेघ तर पाहिजेच होती. कानात सीईई चालू, समोर भिंत रिकामी, आणि रिकामी भिंत पाहून तो आवाज अजूनच वाढल्यासारखा वाटायचा. मग ती ओमतीच्या बाजारात गेली, योगेंद्रकडे. त्याचं फ्रेमचं दुकान होतं आणि आता कंप्युटर आणि मोठं प्रिंटिंगचं मशीन पण घेतलं होतं त्यानं. फोनमधला फोटो दाखवून ती म्हणाली, "भैया, ये लाइन सीधी करके छाप दोगे?"

"सीधी क्या, आंटीजी, लेज़र जैसी कर देंगे. कलर भी थोड़ा चमका दें?"

"चमकाना मत. सिर्फ़ सीधी."

त्यानं अर्ध्या तासात करून दिली. आत्यानं तिथेच दुकानात पट्टी लावली, केसाइतकी पण फट नाही. पास. तिला एवढं बरं वाटलं की येताना तिनं सगळ्यांसाठी खोवा जलेबी आणली. चित्र भिंतीवर लागलं, ती समोर खुर्ची टाकून बसली, आणि सगळ्यांना सांगितलं की आता कोणी बोलायचं नाही.

पाच मिनिटं. दहा. सीईई.

दुसऱ्या दिवशी अर्धा तास. सीईई, वरून मान दुखली.

तिसऱ्या दिवशी ती चिडून उठली. काय होतं की नजर डावीकडून निघायची आणि एका झटक्यात उजवीकडे पोचायची. संपलं काम. मग नजर रिकामी, आणि रिकाम्या नजरेला कान खेचून घ्यायचा. नजरेला तिथे धरून ठेवील असं काही नव्हतंच त्या रेघेत. जशी वहीतली रेघ. रस्त्यावरची रेघ. गुणवंत म्हणाला, "ताई, मी फुकट काढून देत होतो." आत्यानं जेवणाचं ताट अर्धं सोडलं.

आता कोणी दुसरं असतं तर म्हणालं असतं, जाऊ दे. पण दोन माल समोर असले, एक काम करते आणि दुसरा करत नाही, तर फरक मोजायचा, अंदाज नाही करायचा. आत्या पर्समध्ये मावेना म्हणून स्टीलची पट्टी साडीच्या पिशवीत घालून ऑटोनं नेपियर टाउनला गेली. एकटीच. क्लिनिकमध्ये आठ-दहा पेशंट बसलेले. ती सरळ भिंतीपाशी गेली, काचेवरून पट्टी लावली आणि डोळा बारीक करून पाहायला लागली.

"आंटीजी! ये क्या कर रही हैं आप?" रिसेप्शनची पोरगी उठून आली.

"एक मिनट, बेटा."

मधे पांढरं दिसत होतं. दीड मिलिमीटर. तीच जागा, तीच फट, उजवीकडे तशीच बारीक होत गेलेली.

आत्याचा हात खाली आला. राग आला तिला, पण कोणाचा यावा ते कळेना. पावणेदोन तास ती याच्याचसमोर बसली होती आणि तिच्या डोळ्याला वाकडं दिसलं नव्हतं. तिच्या डोळ्याला! जिच्यासमोर मशीनवाले घाबरून उभे राहायचे! आणि जो माल तिला पाहिजे होता तो तिच्या घरी आला होता, अगदी हाच, जसाच्या तसा, आणि तिनं स्वतः, मोजे घालून, त्याच्यावर आर मारला होता.

ती रिसेप्शनकडे वळली. "डॉक्टर साहब ये बदलेंगे क्या? मेरे पास बिल्कुल ऐसी ही है. इससे ज़्यादा सीधी है."

पेशंट हसायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "बहनजी, कान दिखाने आई हो कि दीवार नापने?" गलबला ऐकून डॉक्टर बाहेर आला, त्यानं ऐकून घेतलं आणि तो पण हसला. "माताजी, ये नहीं दूँगा. मरीज़ इसी को देखके चुप बैठते हैं."

"मुझे पता है," आत्या म्हणाली. एवढी हळू की त्याला ऐकू पण नसेल आलं.

घरी येऊन तिनंच रुचिराला फोन लावला, स्वानंदीला न सांगता. या वेळी आवाज जरा खालचा. "मॅडम, मला अजून एक पाहिजे. तशीच. वाकडीच."

"काकू, तुमची पन्नासावी होती. शेवटची."

"मग एक्कावन्नावी काढा ना. मशीन तर तुमच्याचकडे आहे."

"मशीन आहे, पण परवानगी नाहीये. त्यांच्या घरच्यांना शब्द दिलाय. पन्नास म्हणजे पन्नास."

आत्याला भांडता पण येईना. मापाच्या बाहेर जाणार नाही म्हणणाऱ्या माणसाशी ती भांडणार कशी? ती एवढंच म्हणाली, "बरोबर आहे तुमचं," आणि मग फोन ठेवून स्वयंपाकघरात उभी राहून रडली. खरंच रडली. आपल्याच हातानं झालं की दुसऱ्याला शिव्या पण देता येत नाहीत, ते जास्त लागते.

स्वानंदीला कळलं तेव्हा तिनं फोनवर काहीतरी वाचलं आणि सॅनिटायझरचा बोळा घेऊन आली. "आत्या, थोडंसं पुसून पाहू. हळूच." आत्या नको म्हणत होती तोवर तिनं लावला पण. आर गेला नाही. त्याच्याभोवती गुलाबी ढग झाला आणि कागदाची लव वर आली, कापसासारखी. कापसाचाच होता ना. स्वानंदी रडायला लागली, "सॉरी आत्या, सॉरी, मी नेहमी असंच करते, विचारच करत नाही." आत्या तिच्याकडे पाहत राहिली. "माझ्याच घरची आहेस," म्हणाली, "दुसरं काय करशील."

पुन्हा ओमती, पुन्हा योगेंद्र. त्यानं कागद पाहिला, डोकं खाजवलं. म्हणाला, काही टेन्शन नाही, आतून जाड पुठ्ठ्याची चौकट लावू, ती तीन इंच आत घेऊ, की निशाण झाकलं. आत्यानं चौकट ठेवून पाहिली. निशाण झाकलं, पण रेघेचं उजवं टोक पण झाकलं, जिथे ती बारीक होऊन संपत होती. आता ती संपत नव्हती, पुठ्ठ्याखाली घुसत होती.

"नहीं. पूरी लाइन दिखनी चाहिए."

"तो फिर निशान भी दिखेगा, आंटीजी. मेहमान पूछेंगे."

"पूछने दो."

मेहमान विचारतातच. पहिला विचारणारा गुणवंत. "ताई, हा आर म्हणजे पेंटरची सही का?" आत्या म्हणाली, "हो, माझी." समोरच्या घरच्या नर्मदाबाई म्हणाल्या की छान आहे, फक्त थोडं रिकामं वाटते, एखादी बोट काढून घ्या. योगेंद्रनं केलेली सरळ रेघ आता वर स्वानंदीच्या खोलीत आहे, तिच्यावर ती ओढण्या वाळत घालते.

आणि कान? कान काही सुधारला नाही. दुपारी चारला चहा झाला की आत्या खुर्ची ओढून समोर बसते. नजर टाकली की आधी आरवरच जाते. लाल रंग शोधायचीच सवय लागलेली डोळ्याला, करणार काय! रेघेवर आणते, पुन्हा घसरून आर. पुन्हा आणते, पुन्हा आर. चिडचिड होते, मग आवाज वाढते, मग अजून चिडचिड. एक-दोनदा तर तिनं फ्रेम उतरवायला हात घातला होता. मग परवा तिला सुचलं की एक डोळा मिटायचा, हात लांब करायचा आणि अंगठा असा धरायचा की आर बरोबर झाकला जाईल. रेघ पूर्ण दिसते. आता नजर डावीकडून निघते, हळूहळू उतरते, मधे खाली जाते, तिथे जरा थांबते, पुन्हा वर चढायला लागते. पण तीन मिनिटांत खांदा भरून येते, हात थरथरते आणि अंगठ्याच्या बाजूनं लाल डोकावते. मग डावा हात. मग पुन्हा उजवा.

आज गुणवंत वर्तमानपत्र मागायला खाली आला तर ही अशी बसलेली, एक डोळा बंद, अंगठा भिंतीकडे, जशी कोणाला गाडी थांबव म्हणून राहिली.

"ताई! काय करून राहिली तू? मोजून राहिली का पुन्हा?"

आत्याचा अंगठा हलला नाही. हात थरथरायला लागला होता, तो तिनं दुसऱ्या हातानं कोपराखाली धरला.

"गप्प बस ना गुणवंता," ती दात आवळून म्हणाली. "आत्ता कुठे कमी होऊन राहिला होता."